दारं लावून वाढदिवस

राजसचा खरा वाढदिवस आम्ही दारं लावून करतो. जूनमधला असतो तो जगाचा, शाळेच्या कागदावरचा. तेव्हा केक येतो, प्रसाद फोटो मोबाइलवर टाकतो, फ्रीगंजातली पोरं येऊन त्याच्या तोंडाला क्रीम फासून जातात. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी मात्र आमची. त्या दिवशी बाहेरचं कुणी जेवायला नाही, फोटो नाही. शेजारच्या पूजाला मी सांगते, आमच्या खंडोबाचं नवरात्र आहे, आज कडक सोवळं. तिला काय कळतंय, मान हलवते बिचारी.

यंदाही तेच सांगितलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी ठेवली. कणकेचे बाफले उकडून, भाजून, तुपात बुडवून झाकले. आणि राजस पाटावर बसेना.

"उभ्यानंच ओवाळ, आजी," म्हणाला.

"उभ्यानं ओवाळतात ते लढाईवर निघालेल्याला. बस."

तो वाकायला लागला. अर्ध्यात थांबला. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर. चेहरा असा पांढरा झाला की मीच म्हटलं, राहू दे. मी आपली चार फूट दहा इंच, तो सहा फूट दोन. टाचा उचलून ओवाळलं. निरांजनाची ज्योत त्याच्या हनुवटीपर्यंतच पोचली.

जयंत सोफ्यावरून पेपर खाली न करता म्हणाला, "पाटावर बसता येत नाही आणि गुरुवारी इंदूरला चेंडू टाकणार आहे."

माझा थोरला. वीज मंडळात जन्म गेला, त्यामुळे बोललं की शॉक बसतो.

गुरुवारची गोष्ट अशी. तेवीस वर्षांखालच्या क्रिकेट संघाची इंदूरला निवड होती. कागदाप्रमाणे राजसचं हे शेवटचं वर्ष. याच पोराचं पोस्टर टॉवर चौकात लागलं होतं, हिंदी पेपरवाल्यानं 'क्षिप्रा किनारे का तूफान' म्हणून अर्धं पान दिलं होतं, मुंबईहून एक माणूस नुसता त्याचा वेग मोजायला मशीन घेऊन आला होता. मग पंधराव्या वर्षी मणक्याला चीर गेली. ती भरली तोवर खांदा निखळला. खांदा जुळला तर मणका पुन्हा त्याच जागी तडकला, तेव्हा स्क्रू घातले. आता डॉक्टर म्हणत होते, पुन्हा टाकलास तर पायातली ताकद जाईल. आणि प्रसाद म्हणत होता, दुखणं मारायचं इंजेक्शन घे आणि दहा चेंडू टाक, दहाच.

जेवायला बसलो तेव्हा राजस ताट घेऊन फ्रिजपाशी उभा राहिला. सहा महिने तो उभ्यानंच जेवतो. आम्हाला सवय झालीय. सवय होते ही सगळ्यात वाईट गोष्ट.

"विष्णू सर स्वतः बसणार आहेत निवडीला," प्रसादनं सुरुवात केली. माझा धाकटा, खेळाच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. पुतण्याला आठव्या वर्षापासून स्कूटरवर मागे बसवून मैदानावर नेलं ते यानंच. स्वतःला मूल नाही, बायको त्या दिवशी माहेरी. "चार वाजता फोन करतो म्हणालेत. नाव पक्कं करायचं फक्त." विष्णू सर म्हणजे राजसचे बॉलिंगचे कोच.

"आणि नंतर?" इशिता म्हणाली. राजसची थोरली बहीण, इंदूरला फिजिओथेरपी करते. "काका, कमरेच्या एल-फाइव्ह मणक्यात दोन स्क्रू आहेत त्याच्या. इंजेक्शननं दुखणार नाही, तुटायचं ते तुटेलच."

"तू गप गं. तुम्ही लोक सगळ्यांनाच बेड रेस्ट सांगता."

शोभा, माझी सून, वाढता वाढता म्हणाली, "मंगळनाथला भातपूजा करून घेऊ या आधी. मी गुरुजींशी बोलले आहे. काहीतरी दोष असल्याशिवाय एका पोराला इतकं..."

"दोष आहे ना," जयंत म्हणाला. "आळस. सांगितलेले व्यायाम करायचे नाहीत, मित्रांबरोबर कचोऱ्या हाणायच्या. शरीर घडवावं लागतं. दुसरी पोरं नाहीत का टाकत? त्यांचे नाही मोडत मणके. उद्यापासून प्रसादच्या दुकानात बस म्हणावं, बॅटींना तेल लाव."

राजस काही बोलला नाही. हेच मला सहन होत नाही त्याचं. लहानपणी चेंडू लागून नाक फुटलं तेव्हाही असाच गप होता. बाफला कुस्करत म्हणाला, "आजी म्हणेल ते."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

या घरात माझा शब्द शेवटचा, हे मी मिळवलेलं आहे. चौथी पास बाई, पण हे गेल्यावर दोन मुलं, दोन सुना आणि हे घर मी एका सुतात ठेवलं. तरी त्या क्षणी मी नुसतं वरण ढवळत राहिले. कारण गुरुवारचा निर्णय द्यायच्या आधी मला दुसरंच काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मी सात वर्षं गिळून बसले होते.

"जेवणं होऊ देत," मी म्हटलं.

पुढचं मी पाहिलं नाही, इशितानं नंतर मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

जेवून ती आतल्या खोलीत राजसची फाइल लावायला बसली. इंदूरच्या नव्या डॉक्टरांना सगळे कागद तारखेवार हवे होते. कागद म्हणजे केवढे, एखाद्या म्हाताऱ्याचेही नसतील. एक्स-रे, एमआरआय, ऑपरेशनच्या चिठ्ठ्या. तळाशी तिला मनगटाचा एक्स-रे सापडला. सोळा वर्षांखालच्या निवडीच्या वेळी पोरांच्या हाडांची परीक्षा घेतात, कोणी वय चोरलंय का ते कळायला, त्याचा रिपोर्ट. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले होते, राजस पास झाला म्हणून. महाकालाला अभिषेकसुद्धा केला.

इशितानं तो रिपोर्ट पहिल्यांदाच वाचला. त्यावर लिहिलं होतं, हाडाचं वय चौदा. आणि वरती, शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेलं, साडेपंधरा.

ती म्हणाली, मी बराच वेळ ते दोन आकडे बघत बसले. चौदा म्हणजे सोळाच्या आत, म्हणून पास. पुढे कुणी वाचलंच नाही. चौदा वर्षांच्या पोरानं दिवसाला किती चेंडू टाकायचे याचं गणित असतं आजी, पहिल्या वर्षाला शिकवतात आम्हाला. आणि हा किती टाकत होता? मला आठवतंय ना, चेंडू मोजायची वही मीच धरायचे.

ती रिपोर्ट घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे शोभा भांडी विसळत होती आणि जयंत पाणी प्यायला आलेला. मी दारातच होते, तबक आत ठेवायला आलेली.

"आई, राजसचं वय शाळेत वाढवून कुणी लिहिलं?"

शोभाचा हात नळाखाली तसाच राहिला. "ते काय नवीन आहे? सगळ्यांकडे लिहितात."

"सगळ्यांकडे कमी करतात. आपल्याकडे वाढवलं. कुणी?"

शोभानं माझ्याकडे पाहिलं नाही. पण पाठमोरी बोलली, ते जास्त झोंबलं. "मला विचारलं होतं का कुणी? मी माहेरी होते बाबांच्या आजारपणात. परत आले तर साडेचार वर्षांचं पोर पहिलीत बसून रडत होतं."

ते खरं आहे. माझ्या जावेचा नातू आल्हाद त्या वर्षी पहिलीत गेला. जाऊ मला मंदिरात म्हणाली, तुमचा अजून बालवाडीतच का हो. एवढंच. मी दुसऱ्या दिवशी राजसचा हात धरून शाळेत गेले आणि बाबूला तारीख सांगितली. बोटांवर मोजून सांगितली, दीड वर्ष आधीची. मला वाटलं, पोरगा हुशार आहे, लवकर मार्गी लागेल. पुढे तो चेंडू टाकेल आणि त्याची हाडं कुणी मोजेल, हे कुठल्या बाईच्या डोक्यात येतं?

इशितानं रिपोर्ट ओट्यावर ठेवला. भिजू नये म्हणून वर पोळपाट ठेवला. "बाबा, त्याची हाडं कच्ची होती. आळस नव्हता. तुम्ही सात वर्षं त्याला कष्टचोर म्हणताय."

जयंत कसा आहे ते मला माहीत आहे. त्यानं ग्लास ठेवला तो ओट्याच्या काठावर, आणि तो पडला. स्टीलचा ग्लास घरंगळत माझ्या पायाशी आला. या माणसानं टाके घातलेल्या पोराला पहाटे पाचला उठवून जिने चढायला लावलं होतं.

"आई," तो मला म्हणाला, "तू नेलंस त्याला शाळेत."

"नेलं. तू त्याचा बाप ना? दहा वर्षं फिया भरल्यास, दाखला कितीदा पाहिलास. तेव्हा तोंड शिवलं होतं?"

हे बोलायला नको होतं. पण जीभ माझी, आजवर थांबली नाही.

आवाज ऐकून प्रसाद आला, मागोमाग राजस दारात. प्रसादनं रिपोर्ट वाचला, आणि मला वाटलं आता हा तरी माझी बाजू घेईल. घेतलीही, पण कशी.

"अरे, कागदाच्या नादात मी विसरूनच गेलो, हा आज एकवीसचा आहे," तो म्हणाला. डोळे लकाकले त्याचे. "दादा, मतलब समजतोयस? गुरुवारी नाही गेला तरी चालेल. पुढचं वर्ष आहे अजून. वर्षभर आराम करून टाकेल. जन्माचा मूळ दाखला काढू नगरपालिकेतून. आईनं उलट याचं एक वर्ष वाचवलं."

क्षणभर, खरं सांगते, मीही त्या आशेला धरलं. शोभासुद्धा वळली.

"दोन तारखा निघाल्या की काय होतं ते तूच सांगायचास," जयंत म्हणाला. "दोन वर्षं बंदी. वाढवलं का कमी केलं, ते विचारत नाहीत."

प्रसादच्याच दुकानात येणारी दोन पोरं तशी घरी बसली होती, त्याला माहीत होतं. खुर्ची ओढून बसला आणि रिपोर्टची घडी घालत राहिला, पुन्हा उघडत राहिला. "तरी शाळेतली चूक आहे नुसती," तो म्हणाला. "अशी चूक कुणाच्याही घरात होते. मैदानावर त्याचं वय कुणी विचारलं नाही, हे नशीब. विचारलं असतं तर..."

"विचारलं होतं," मी म्हटलं.

आता थांबून उपयोग नव्हता. मी तबक ओट्यावर ठेवलं.

"सात वर्षांपूर्वी विष्णू सर इथे आले होते. याच बाहेरच्या सोफ्यावर बसले. राजसला मी कचोऱ्या आणायला पाठवलं होतं. ते म्हणाले, माताजी, सच बताना, लड़के की असली उमर क्या है. किसी को नहीं बोलूँगा, उसी हिसाब से बॉलिंग करवाऊँगा. सब दो-दो साल चुराते हैं, मेरे को मालूम है."

"मग?" शोभा म्हणाली.

"मला राग आला. आमच्याकडे बोट दाखवतो मेला. यांनी तीस वर्षं कोर्टात पेशकाराची कारकुनी केली, कुणाचा पेढा घेतला नाही, आणि त्यांच्या घरात बसून हा मला चोर म्हणतो. मी म्हटलं, हमारे घर में चोरी नहीं होती. जो काग़ज़ पे लिखा है वही है." माझा आवाज मलाच नको झाला. "ते म्हणाले, अच्छा, तो हड्डी पक्की है. आणि उठले. त्यांनी चांगल्या मनानं विचारलं होतं. मी एक शब्द खरा बोलले असते तर पोरगं वाचलं असतं. मला तेव्हाच वाटलं होतं, सर दारापर्यंत गेले तेव्हा हाक मारावी. नाही मारली."

नळ चालूच होता. कुणी बंद करेना.

"मला माहीत आहे," राजस म्हणाला.

तो चौकटीला टेकून उभा होता, एका पायावर भार टाकून. "मी कचोऱ्या घेऊन आलो होतो. जाळीच्या दाराबाहेर होतो. तेल कागदातून हाताला लागत होतं, आठवतंय मला."

"तू ऐकलंस?"

"त्याच सकाळी पहिल्यांदा कमरेत चमक आली होती. सरांना तेच सांगणार होतो, की सर, मी लहान आहे, थोडं कमी द्या. पण तू इतक्या तोऱ्यात म्हणालीस, आजी. आमच्या घरात चोरी होत नाही." तो थोडं हसला. "मग मी कसं म्हणणार होतो, होते म्हणून?"

जयंत त्याच्याकडे बघत होता, जसं एखादं बिल बघावं जे आपण कधीच नीट वाचलं नाही. "आणि मी तुला इतकं बोललो, ते तू..."

"जाऊ द्या बाबा."

"सात वर्षं?"

"काय सांगणार होतो? आजी खोटं बोलली म्हणून?"

शोभा मटकन खाली बसली, ओल्या फरशीवर. त्या बाईला मी सत्तावीस वर्षांत कधी आवाज चढवताना ऐकलं नाही. ती फक्त माझ्याकडे आणि राजसकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघं. तुम्ही दोघांनी मिळून." आणि मला कळलं की हे घर आता माझ्या हातात पूर्वीसारखं राहायचं नाही. जयंत तिच्याशेजारी खाली बसला. बायकोशेजारी फरशीवर बसलेलं मी त्याला प्रथमच पाहिलं. इशितानं नळ बंद केला.

राजस म्हणाला, "चार वाजता सरांचा फोन येईल. तो मला द्या."

"काय सांगणार?" प्रसादनं विचारलं.

"द्या म्हटलं ना, काका."

बाहेरच्या खोलीत आलो सगळे. पाट तसाच होता, रांगोळी कुणाच्या तरी पायानं पुसली गेलेली. प्रसादचा मोबाइल टेबलावर. मी सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसले जिथे तेव्हा बसले होते. मनात एकच येत होतं. पोरगं हो म्हणणार. प्रसादसाठी म्हणेल, नाहीतर माझ्यासाठी. मला खोटं पाडायचं नाही म्हणून यानं पाठ मोडून घेतली, तो आता पाय मोडून घ्यायला का मागे राहील?

चारला पाच कमी असताना फोन वाजला. राजस खिडकीशी होता. त्याला टेबलापर्यंत यायला चार पावलं लागतात, आणि तो चार पावलं हळू टाकतो. मी हात लांबवला आणि उचलला.

"आजी, इकडे दे."

"विष्णूजी, मैं राजस की दादी बोल रही हूँ."

"प्रणाम माताजी. लड़का आ रहा है ना गुरुवार को?"

"नहीं आएगा. सात साल पहले आपने एक बात पूछी थी. उसका जवाब ग़लत दिया था मैंने. आज उसको इक्कीस पूरे हुए. काग़ज़ डेढ़ साल बड़ा है, मैंने लिखवाया था. आपके पास तब आया तो चौदह का था."

तिकडून सरांचा आवाज अगदी हळू आला. "माताजी, मेरा फोन स्पीकर पर है. चयन समिति वाले बैठे हैं यहाँ."

म्हणजे निवड करणाऱ्या सगळ्यांनीच ऐकलं होतं. मी प्रसादकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"अच्छा है," मी म्हटलं. "दुबारा नहीं बोलना पड़ेगा."

आणि फोन ठेवला. ताठ बसले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी हलकं वाटलं. वाटलं, फेडलं. पोराचे पाय वाचवले, स्वतःचं तोंड काळं करून वाचवले. कुणीतरी म्हणावं, आई, बरं केलंस, म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आजी," राजस म्हणाला. टेबलापर्यंत पोचला होता तो, हात अजून पुढे होता. "मी नाहीच म्हणणार होतो."

"काय?"

"गुरुवारला. मागच्या आठवड्यातच ठरवलं होतं. नुसतं सांगायचं राहिलं होतं. मघाशी तुझ्यावर टाकलं, मग वाटलं, नको, सरांना आपणच सांगू. आपल्या तोंडानं. की सर, झालं माझं, थांबतो." त्यानं हात खाली घेतला. "दुखापतीनं थांबला म्हणाले असते लोक. आता म्हणतील वयात घोळ केला, म्हणून काढला."

"मला काय माहीत..."

"तू विचारलं नाहीस."

रागावला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं खूप असतात. तो रागावला नाही. "तेव्हाही तूच बोललीस," एवढंच म्हणाला, आणि दाराकडे निघाला.

प्रसाद उठला, त्याच्यामागे जाऊ की नको करत तिथेच राहिला. जयंत गेला. दोन पावलं मागे. पोरानं वाकू नये म्हणून जयंतनं खाली बसून त्याच्या पायांत चपला सरकवल्या. माझ्या थोरल्यानं. मी ते बघत होते आणि मला कुणी बघत नव्हतं.

राजसनं कडी काढली. त्या तिथीला आमचं दार संध्याकाळच्या आत कधी उघडलं नव्हतं. बाहेर पूजा तिच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिचा आवाज आला, "अरे भैया, आज तो तुम्हारे यहाँ कोई पूजा है ना? दादी बोल रही थीं, दरवाज़ा नहीं खुलेगा."

मी जाळीच्या दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिले.

"पूजा-वूजा कुछ नहीं है," राजस म्हणाला. "जन्मदिन है मेरा. आज इक्कीस का हुआ."

"इक्कीस?" ती म्हणाली. "जून में तो..."

"वो झूठ था," तो म्हणाला, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला.